युव्हिआयटिसमध्ये डोळ्याची नस कशी सांभाळायची

युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या आतल्या भागाला आलेली सूज. डोळा लाल होतो, उजेड सोसवत नाही, धूसर दिसतं, मग ड्रॉप्स चालू झाले की बऱ्याच जणांना काही दिवसांत आराम पडतो आणि इथेच लोक ढिले पडतात. लाली गेली तरी डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, धोक्यात असू शकते. तिच्यात साधारण १० ते १२ लाख तंतू असतात आणि मेलेला तंतू परत येत नाही. म्हणून सूज उतरवायची आणि नसही जपायची, दोन्ही कामं एकदमच करावी लागतात.

१. मेडिकलमधून परस्पर ड्रॉप्स आणू नका

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली होती तेव्हापासून डोळा लाल झाला की "डोळे आलेत" असंच धरून चालतात. पण चिकट घाण येत नाहीये, उजेडाने दुखतंय आणि बुबुळाच्या कडेने लाली जास्त आहे, तर स्लिट लॅम्पवर (डॉक्टरांकडचं डोळा मोठा करून बघायचं यंत्र) तपासल्याशिवाय काहीही घालू नका. जंतूंमुळे किंवा हर्पीस विषाणूमुळे त्रास असेल तर नुसतं स्टेरॉइड घालून तो आणखी बिघडू शकतो.

२. ड्रॉप्स लिहून दिलेत तसेच घाला

प्रेडनिसोलोन ॲसिटेट या स्टेरॉइड ड्रॉपची बाटली दर वेळी नीट हलवायची, औषध खाली बसतं त्यात. दोन वेगळ्या ड्रॉप्समध्ये पाच मिनिटं सोडा. बाहुली मोठी करणारा ड्रॉप, ॲट्रोपिन किंवा होमॲट्रोपिन, वाचायला त्रास होतो म्हणून बरेच जण गुपचूप बंद करतात, ते करू नका. सुजेमुळे बुबुळाचा पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, गोल सगळीकडून चिकटला तर आतलं पाणी पुढे यायची वाट बंद होते, प्रेशर एकदम चढतं आणि त्याचा मार थेट नसेवर बसतो. स्टेरॉइडही बरं वाटलं म्हणून अचानक थांबवायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवायचं.

३. प्रेशर मोजून घ्या, दर भेटीला

हे सगळ्यात महत्त्वाचं. डोळ्याचं प्रेशर, म्हणजे आतल्या पाण्याचा दाब, साधारण १० ते २१ (mmHg) असतं. ज्या स्टेरॉइडने सूज उतरते त्यानेच काही जणांचं प्रेशर वाढतं, ड्रॉप्सवर असलेल्या साधारण तिघांपैकी एकाचं थोडंफार आणि शंभरात पाच-सहा जणांचं खूपच. बहुतेकदा दोन ते सहा आठवड्यांत वाढतं, आणि वाढताना बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, दुखत नाही, दिसायलाही ठीक असतं. घरात कोणाला काचबिंदू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. दम्याचा पंप, त्वचेचं क्रीम, गुडघ्यातलं इंजेक्शन, स्टेरॉइड कुठल्याही रूपात घेत असाल तर तेही सांगा. एक वही करा, तारीख, दोन्ही डोळ्यांचं प्रेशर, कुठला ड्रॉप किती वेळा.

आकडा वाढला की घाबरून स्टेरॉइड बंद करणारे लोक आहेत आणि मला त्यांची खरंच काळजी वाटते, कारण मोकळी सुटलेली सूजसुद्धा प्रेशर वाढवते आणि नसेला सूज आणू शकते. डॉक्टर स्टेरॉइड बदलतात, कमी करतात किंवा प्रेशरचं औषध जोडतात. दमा असेल तर टिमोलॉल हा प्रेशरचा ड्रॉप लिहिण्याआधी सांगा. ॲसिटाझोलामाइड या प्रेशरच्या गोळीने बोटांना मुंग्या येतात, ते ओळखीचं आहे, पण किडनीचा त्रास किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी बोला.

४. नसेचे फोटो आणि फील्ड टेस्ट

ओसीटी स्कॅन (नसेच्या थरांचा फोटो) आणि व्हिज्युअल फील्ड (आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी) किती दिवसांनी करायचं ते विचारून घ्या. सूज असताना नसेभोवतीचा थर ओसीटीमध्ये जाड दिसतो, त्यामुळे खाली झालेली झीज झाकली जाऊ शकते, म्हणून सूज उतरल्यावरचा रिपोर्ट वेगळा जपून ठेवा, पुढची तुलना त्याच्याशी करता येते.

५. टीबीचं औषध चालू असेल तर

आपल्याकडे युव्हिआयटिसच्या मागे टीबी निघणं नवीन नाही. त्या उपचारातली इथॅम्ब्युटॉल ही गोळी काही जणांच्या ऑप्टिक नर्व्हला बाधते, जास्त डोस आणि अशक्त किडनी असेल तर धोका वाढतो. सुरू करण्याआधी नजर आणि रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या. घरी एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरच्या लाल तारखा बघायच्या. एका डोळ्याला लाल फिका वाटला किंवा दोन्हीकडे रंग उतरल्यासारखे वाटले तर वाट न बघता फोन करा, पण टीबीचा कोर्स स्वतःच्या मनाने मोडू नका.

६. मुलांचा डोळा पांढरा असला तरी

लहानपणीच्या संधिवातात युव्हिआयटिस होतो तेव्हा बहुतेकदा डोळा लाल होत नाही, मूल तक्रारही करत नाही. सांध्याच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने डोळे तपासायचेच, शाळेची परीक्षा असली तरी.

त्याच दिवशी कधी धावायचं

नजर अचानक मंद झाली, डोळा फिरवताना आत दुखतंय, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसताहेत, डोळेदुखीबरोबर उलटी होतेय, तर उद्यावर टाकू नका. घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्याही घेऊ नका. नसेला थेट सूज आली असेल तर नेहमीच्या डोसच्या नुसत्या गोळ्यांनी दुखणं उलटण्याचं प्रमाण वाढलं होतं, हे १९९२ सालीच अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं, म्हणून तिथे बऱ्याचदा शिरेतून स्टेरॉइड देतात. जाताना वही, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घाला, रिकाम्या झालेल्यासुद्धा.