कर्क राशी बारा स्थानांत कशी वाचावी

पत्रिका समोर आली की नवखा अभ्यासक आधी ग्रह शोधतो आणि ज्या स्थानात ग्रह नसेल ते स्थान रिकामे समजून पुढे जातो. पण प्रत्येक स्थानात एक राशी असतेच, तिला स्वामी असतो आणि तो स्वामी कुठेतरी बसून त्या स्थानाचा कारभार पाहत असतो. राशी स्थानानुसार कशी वाचावी, हे शिकण्यासाठी कर्क राशी मला सर्वांत सोयीची वाटते. मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी यांच्याकडे प्रत्येकी दोन राशी असल्याने त्यांना दोन स्थानांचे स्वामित्व मिळते आणि फळ संमिश्र होते. चंद्राकडे मात्र कर्क ही एकच राशी आहे. त्यामुळे कर्क ज्या स्थानात पडेल, तेवढ्याच स्थानाची जबाबदारी चंद्रावर येते.

प्रथम पत्रिकेत कर्क शोधावी. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या चौकोनी कुंडलीत स्थाने स्थिर असतात आणि आत लिहिलेले आकडे राशींचे असतात (1 मेष, 4 कर्क, 8 वृश्चिक याप्रमाणे). वरच्या मधल्या घरात 8 लिहिले असेल तर लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी राशी व पत्रिकेचे पहिले स्थान, वृश्चिक होय, अष्टमस्थान नव्हे. तेथून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने मोजत गेल्यास 4 हा आकडा नवव्या घरात येतो. याचा अर्थ कर्क राशी भाग्यस्थानात आहे. "माझी रास कर्क" असे आपण म्हणतो तेव्हा जन्मवेळी चंद्र कर्केत होता एवढेच अभिप्रेत असते, त्यामुळे ती गोष्ट येथे मिसळू नये. गणित कोणत्या अयनांशाने (राशिचक्राचा आरंभबिंदू ठरवणाऱ्या अंशांनी) केले आहे हेही पाहून घ्यावे. चित्रापक्ष आणि टिळक पंचांगाचा रैवतपक्ष या दोन अयनांश-पद्धतींत सुमारे 4 अंशांचे अंतर आहे आणि लग्न राशीच्या आरंभी किंवा शेवटी असेल तर तेवढ्याने लग्नराशीच बदलते. मग बाराही स्थानांतील राशी एकेक घराने सरकतात.

कर्क ही चर, जलतत्त्वाची, सम राशी असून काळपुरुषाच्या (राशिचक्राला मानवी शरीर मानून कल्पिलेल्या रूपाच्या) हृदयावर तिचा अंमल मानतात. पुनर्वसूचा चौथा चरण, संपूर्ण पुष्य आणि संपूर्ण आश्लेषा तिच्यात येतात. येथे गुरू 5 अंशांवर परमोच्च (सर्वांत बलवान) असतो आणि मंगळ 28 अंशांवर परमनीच (सर्वांत दुर्बल). जिव्हाळा, पालनपोषण, स्मरण आणि भरती-ओहोटीसारखी अस्थिरता हा तिचा स्वभाव असून ती ज्या स्थानात असेल त्या स्थानाच्या विषयांत माणूस हिशेबापेक्षा मनाने वागतो. मात्र एवढ्यावरून फळ सांगू नये. आधी स्थानाचा विषय, मग राशीचा स्वभाव, नंतर चंद्र कोणत्या स्थानात, कोणत्या राशीत आणि कोणत्या पक्षातला आहे, आणि शेवटी कर्केतील ग्रह व तिच्यावरील दृष्टी, असा क्रम ठेवावा. माझ्या मते यात निम्म्याहून अधिक वजन चंद्राच्या स्थितीला द्यावे. पौर्णिमेच्या जवळचा चंद्र आणि अमावास्येच्या जवळचा क्षीण चंद्र यांनी एकाच स्थानाची दिलेली फळे एकमेकांशी जुळत नाहीत.

लग्नी कर्क असता चंद्र लग्नेश (लग्नाचा स्वामी) होतो आणि प्रकृती, मनःस्थिती व आयुष्याची दिशा हे सारे एकाच ग्रहाच्या बलावर अवलंबून राहते. येथे पंचम आणि दशम या स्थानांचा स्वामी असल्याने मंगळ योगकारक (विशेष शुभ फळ देणारा) ठरतो, पण तोच लग्नात बसला तर नीच होतो. तेव्हा कर्तृत्व आहे पण ते मनाच्या चढउतारांत अडकते, असे वाचावे. मिथुन लग्नाला कर्क धनस्थानी (दुसऱ्या स्थानी) येते. पैशाची आवक एकसारखी नसते, वाणी गोड असते, कुटुंबाची ओढ प्रबळ असते. वृषभ लग्नाला ती तृतीयात येते आणि भावंडे, लेखन व लहान प्रवास यांत भावना उतरते; चंद्र लग्नातच उच्च असेल तर हे फळ ठळक मिळते.

मेष लग्नाची पत्रिका विशेष लक्षपूर्वक पाहावी, कारण कर्क सुखस्थानी (चौथ्या स्थानी) येते आणि मातेचा नैसर्गिक कारक (सूचक ग्रह) असलेला चंद्रच त्या मातृस्थानाचा स्वामी होतो. भावेश (स्थानाचा स्वामी) आणि कारक एकच असल्यामुळे चंद्र बलवान असेल तर माता, घर आणि मनःशांती तिन्ही सुधारतात आणि तो पीडित असेल तर तिन्हींना एकदमच धक्का बसतो. लग्नेश मंगळ येथे नीच होतो. पण चंद्र लग्नापासून केंद्रात (1, 4, 7, 10 या स्थानांत) असल्यास नीचभंगाचा (नीचपणा दूर होण्याचा) विचार अवश्य करावा.

मीन लग्नाला कर्क पंचमात येते. लग्नेश गुरू तेथे उच्च होऊन नवव्या दृष्टीने (आपल्यापासून नवव्या स्थानावरील दृष्टीने) लग्न पाहतो, म्हणून विद्या, संतती व उपासना यांसाठी ही फार चांगली रचना मानावी. कुंभ लग्नाला कर्क षष्ठात येऊन चंद्राला रोग, ऋण व रिपू यांचा कारभार मिळतो. भावनेपोटी घेतलेली कर्जे व जबाबदाऱ्या येथे तपासाव्यात. मकर लग्नाला ती सप्तमात येते. शनीच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला जिव्हाळा मागणारा जोडीदार मिळतो, म्हणून पत्रिका जुळवताना केवळ गुण न मोजता दोघांच्या पत्रिकांतील चंद्राची अवस्था पाहावी.

धनू लग्नाला कर्क अष्टमात येते आणि येथे पुष्कळ जण विनाकारण घाबरवतात. रवी आणि चंद्र यांना अष्टमेश असल्याचा दोष लागत नाही, हा पाराशरी परंपरेतील स्पष्ट नियम आहे. शिवाय मंगळाच्या अपवादांच्या प्रसिद्ध श्लोकात अष्टमातला कर्केचा मंगळ निर्दोष धरला आहे. अशा पत्रिकेला मंगळाचा शिक्का मारून स्थळ नाकारणे हा त्या मुलीवर किंवा मुलावर अन्याय आहे.

तूळ लग्नाला कर्क कर्मस्थानी (दहाव्या स्थानी) येते आणि लोकांशी थेट संबंध येणारे काम लाभते. तेथील उच्च गुरू हंस नावाचा शुभ योग करतो, परंतु तो तृतीयेश आणि षष्ठेश असल्याने यश स्पर्धेतून व कष्टातून येते. कन्या लग्नाला कर्क लाभात (अकराव्यात) येऊन मित्रपरिवारातून फायदा होतो. सिंह लग्नाला ती व्ययात (बाराव्यात) येते. घरच्यांसाठी हात सैल सुटतो आणि चंद्र दुर्बल असेल तर झोप उडते.

वृश्चिक लग्न शेवटी ठेवले, कारण त्यात सर्व पायऱ्या एकत्र दिसतात. भाग्येश चंद्र लग्नात नीच आणि सप्तमात उच्च होतो. दशमेश रवीशी त्याची युती झाली तर नवम-दशमाचा राजयोग होतो खरा, पण रवी-चंद्र एकत्र म्हणजे अमावास्येचा सुमार, आणि चंद्र क्षीण. म्हणून पौर्णिमेच्या आसपास होणारी त्यांची परस्परदृष्टी येथे अधिक मोलाची आहे. समजा, चंद्र मीनेत रेवती नक्षत्री, रवी कन्येत आणि गुरू कर्केत आहे. चंद्र गुरूच्या राशीत आणि गुरू चंद्राच्या राशीत, म्हणजे पंचम-नवमाचा परिवर्तन योग झाला. गुरू उच्च असून पाचव्या दृष्टीने लग्न आणि नवव्या दृष्टीने चंद्र पाहतो. रवी लाभस्थानातून चंद्राला पाहतो, त्यामुळे चंद्राला पक्षबलही (पौर्णिमेजवळचे बल) आहे. येथे कर्क राशी गुरुजन, वडील, उच्च शिक्षण आणि श्रद्धा यांची उत्तम फळे देण्यास समर्थ आहे, असे निःशंकपणे म्हणता येते.

ती फळे केव्हा मिळतील, हे विंशोत्तरी दशेवरून (जन्मनक्षत्रावरून ग्रहांचे फळकाळ मोजण्याच्या पद्धतीवरून) पाहावे. रेवतीत जन्म म्हणजे आरंभी बुधाची महादशा, पुढे केतूची 7, शुक्राची 20 आणि रवीची 6 वर्षे. म्हणून चंद्राची महादशा वयाच्या 33 ते 50 या दरम्यान सुरू होईल, आणि नेमके वय जन्मवेळी बुधाची किती वर्षे शिल्लक होती त्यावर ठरेल. तोपर्यंत भाग्यस्थानाची फळे शोधायची असतील तर शुक्र महादशेतील चंद्राची 20 महिन्यांची व गुरूची 32 महिन्यांची अंतर्दशा (महादशेतील उपकाळ) आणि रवी महादशेतील चंद्राची 6 महिन्यांची अंतर्दशा तारखांसह मांडून घ्यावी आणि त्या काळात गुरूचे गोचर (त्या वेळचे भ्रमण) कर्क, वृश्चिक वा मीन राशीतून होते का, हे पंचांगात पाहावे.