नकाशावर पारदर्शक वर्तुळं: रंग का गडद होतो?

वडोदऱ्यात मांडवी आणि सयाजीबाग या दोन ठिकाणांभोवती लीफलेटमध्ये (वेबपानावर नकाशे दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) १५०० मीटर त्रिज्येची वर्तुळं काढली, की ती एकमेकांवर चढतात. भरावाची, म्हणजे आतल्या रंगाची, अपारदर्शकता ०.४ ठेवली (० म्हणजे पूर्ण पारदर्शक, १ म्हणजे पूर्ण अपारदर्शक), तर सामाईक भागात ती ०.६४ होते (१ − ०.६ × ०.६), तिसरं वर्तुळ आलं की ०.७८, आणि खालची गल्ल्यांची नावं वाचता येत नाहीत. दाटी दाखवायची असेल तर ०.२ पुरे. नुसता व्याप दाखवायचा असेल, तर सगळी वर्तुळं एकाच रंगात, कडा बंद करून, भराव १ ठेवून वेगळ्या पेनमध्ये (pane, म्हणजे नकाशावरचा थर) टाका, ०.४ त्या पेनलाच द्या. रंग एकसारखा राहतो.

मोठं वर्तुळ मागे सरकवा, नाहीतर छोट्यावर क्लिक लागत नाही. आणि अक्षांश आधी: २२.३, ७३.२. उलट लिहिलंत तर वर्तुळ नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात!