क्योतोहून एका दिवसात ओसाका: एकटीने जाणाऱ्या मुलीसाठी

जपानमध्ये शिकायला आलेल्या मुलीने ओसाकाला एकटीने जाण्याचा विषय काढला की तिला दोनच सल्ले मिळतात. घरचे फोनवर म्हणतात, ‘एकटी जाऊ नकोस’, आणि इथले म्हणतात, ‘जपान आहे, काही होत नाही’. क्योतोहून ही फेरी मी इतक्या वेळा केली आहे की आता या दोन्ही सल्ल्यांचा मला कंटाळा आला आहे, कारण ज्या ठिकाणी दिवसाचा खरा विचका होतो, त्या उमेदाचे, म्हणजे ओसाकाच्या मुख्य स्थानकाभोवतालच्या भागाचे, नाव दोघेही घेत नाहीत.

सकाळी क्योतो स्थानकावरून जेआरची (जपान रेल्वेची) ‘शिन-काइसोकु’ ही जलद गाडी घ्यावी. ती अर्ध्या तासात ओसाकाला पोहोचवते. शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, घेऊ नये, कारण ती जास्त पैसे घेऊन शिन-ओसाकाला, म्हणजे मुख्य स्थानकाच्या एक स्थानक आधी, उतरवते. इकोका या प्रवासाच्या प्रीपेड कार्डात पैसे आदल्या रात्रीच भरून ठेवावेत.

आता उमेदा. जेआरच्या फलकावर ‘ओसाका’ असे लिहिलेले असते, पण त्याच परिसरात हान्क्यू आणि हानशिन या खाजगी रेल्वेंची ‘ओसाका-उमेदा’ अशी दोन वेगळी स्थानके आहेत, आणि मेट्रोची तर उमेदा, हिगाशी-उमेदा व निशी-उमेदा अशी तीन आहेत, तीही तीन निरनिराळ्या मार्गांवर. ही सगळी जमिनीखालच्या बाजारपेठांनी एकमेकांना जोडलेली आहेत आणि स्थानिक लोकसुद्धा या जाळ्याला थट्टेने ‘उमेदा डंजन’, म्हणजे उमेदाचे भुयारी कोडे, म्हणतात. पहिल्या खेपेला एका मैत्रिणीने मला ‘उमेदाला भेटू’ एवढेच सांगितले होते. पाऊण तासात एकाच बेकरीसमोरून मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा काउंटरमागची मुलगी माझ्याकडे पाहून ओळखीचे हसली. उमेदाने माझी सगळी उमेद त्या पाऊण तासात संपवली.

त्या दिवशी माझे काय चुकले, ते सांगते. मी फोनवरच्या निळ्या ठिपक्यावर विसंबले होते. जमिनीखाली तो ठिपका कधी रस्त्यापलीकडे उडी मारतो, कधी जागचा हलत नाही, आणि नकाशा पायांखालचा मजला दाखवत नाही तो नाहीच. म्हणून गाडीत बसल्या बसल्याच आपल्याला कोणत्या दाराने बाहेर पडायचे आहे, ते ठरवावे. मेट्रोच्या लाल मिदोसुजी मार्गासाठी जेआर स्थानकाच्या पूर्व टोकाचे मिदोसुजी दार घ्यावे. गाडीतून उतरल्यावर गर्दी ज्या जिन्याकडे जाते, त्याच जिन्याने जायचा मोह होतो; तो आवरावा. फलाटावर उभे राहून आधी डोक्यावरचा फलक पूर्ण वाचावा आणि मगच पाऊल उचलावे. कोणाला वाट विचारायची असेल तर ‘उमेदा कुठे’ असे विचारू नये, कारण विचारणारी आधीच उमेदात उभी असते; मार्गाचे नाव विचारावे.

वाट चुकलीच, तर भुयारात पुढे पुढे जात राहू नये. जो जिना पहिला दिसेल, त्याने वर यावे आणि उघड्यावर दिशा ठरवावी. स्थानकाच्या पूर्वेला एका इमारतीच्या गच्चीवर लाल आकाशपाळणा आहे. तो दिसला की पूर्व सापडली. कोणाला भेटायचे असल्यास जेआर स्थानकाच्या पाचव्या मजल्यावरचा, रुळांच्या वरचा ‘तोकी नो हिरोबा’ हा घड्याळांचा चौक ठरवावा. जुने सल्ले अजूनही भुयारातल्या ‘इझुमी नो हिरोबा’च्या कारंज्यापाशी भेटायला सांगतात. ते कारंजे 2019 मध्ये काढून टाकले. नाव तेवढे राहिले आहे.

भुयाराला कंटाळून बाहेर पडलेल्या मुलीने स्थानकापासून पायी नाकाझाकिचो गाठावे. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्या जुन्या लाकडी घरांची ही गल्ल्यागल्ल्यांची वस्ती आहे, आणि तिथल्या छोट्या कॅफेंमध्ये एकटी बसलेली मुलगी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

दुपारी मिदोसुजी मार्गाने शहराच्या दक्षिणेकडच्या नाम्बाला जावे. या मार्गावर आठवड्याच्या कामाच्या दिवशी सहावा डबा दिवसभर महिलांसाठी राखीव असतो. गर्दीत अंगचटीला येणारे पुरुष जपानमध्येही आहेत, तेव्हा त्या डब्यात बसण्यात कसलाही भित्रेपणा नाही. ओसाकात सरकत्या जिन्यावर लोक उजवीकडे उभे राहतात. तोक्योची सवय लागलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नाम्बाजवळच्या दोतोनबोरी या कालव्याकाठच्या भागात ग्लिको या खाऊच्या कंपनीच्या जाहिरात-फलकावरील धावपटूचा फोटो एबिसु पुलावरून काढावा आणि पुढे निघावे. त्या पुलाचे लोकांत रुळलेले नाव ‘हिक्काके-बाशी’, म्हणजे गळाला लावण्याचा पूल; अनोळखी मुलींशी सलगी करू पाहणारी पोरे तिथे घुटमळतात, म्हणून हे नाव. त्यांना नम्र नकार देत थांबू नये; न बोलता, चालण्याचा वेग न बदलता पुढे जावे. आपण हसून ‘नो, थँक यू’ म्हणतो आणि संभाषण तिथेच सुरू होते.

शाकाहारी मुलीने नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण उदोन या जाड शेवयांच्या रश्शापासून ओकोनोमियाकी या धिरड्याच्या पिठापर्यंत सगळीकडे दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो आणि ताकोयाकी या गोळ्यांत तर ऑक्टोपसच असतो. दाशीबद्दल स्वतंत्रपणे विचारावे, नाहीतर डबा न्यावा. मी थेपले नेते.

परतताना उमेदाला उतरूच नये. संध्याकाळच्या गर्दीत, दमलेल्या पायांनी तिथे गाडी बदलणे म्हणजे सकाळचा धडा दुप्पट कठीण करून पुन्हा गिरवणे. नाम्बाहून मिदोसुजी मार्गानेच उमेदाच्या एक स्थानक आधी, योदोयाबाशीला उतरावे आणि केइहान रेल्वेची क्योतोला जाणारी जलद गाडी घ्यावी. तिचे साधे तिकीट पुरते, ती तिथूनच सुटते त्यामुळे बसायला मिळते, आणि क्योतोच्या गिओन-शिजो स्थानकावर उतरून पायऱ्या चढून आले की समोर कामो नदी असते.