क्रोन्स आणि ताण : ‘टेन्शन घेऊ नकोस’च्या पुढे काय? या चुका टाळा

क्रोन्सच्या रुग्णाला सर्वांत जास्त वेळा मिळणारा सल्ला म्हणजे ‘टेन्शन घेऊ नकोस, पोट आपोआप बरं होईल’. त्यात अर्धंच तथ्य आहे. क्रोन्स हा आतड्याचा दीर्घकाळ चालणारा आजार, आणि तो ताणामुळे होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते आणि सूज येते, हा मूळ आजार. पण शांत असलेला आजार ताणाने उचल खाऊ शकतो, आणि एरवी सहन होणारी कळ ताणात असह्य होते. म्हणून ताण कमी करणं हा उपचाराचा एक भाग आहे. त्यालाही मात्रा असते, वेळ असते आणि पथ्य असतं. चुका बहुतेक तिथेच होतात.

पोट बिघडलं की ‘टेन्शनमुळेच’ म्हणून सोडून देणं

आतड्याची सूज पूर्ण ओसरलेल्या बऱ्याच रुग्णांना आयबीएससारखा (सूज नसतानाही पोट बिघडण्याचा) त्रास उरतो. परीक्षेच्या किंवा ऑडिटच्या सकाळी तीन वेळा संडास, दुपारी सगळं शांत. हा त्रास ताणाचा असू शकतो. पण झोपेतून उठून संडासला धावावं लागणं, ताप, रक्त, न ठरवता वजन उतरणं ही लक्षणं ताणाची नव्हेत, सुजेची समजायची.

अंदाजावर राहू नका, शौचाची फीकल कॅलप्रोटेक्टिन चाचणी करा. ती आतड्यातल्या सुजेचा अंदाज देते. साधारणपणे दर ग्रॅमला 50 मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर सूज असण्याची शक्यता कमी, 250च्या वर गेलं तर जास्त, आणि मधला आकडा आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, नमुना देण्याआधीच्या दिवसांत आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी घेतलेली असते आणि त्याने आकडा चढतो. दुसरी, आजार फक्त लहान आतड्यात असताना आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होणं. अशा वेळी डॉक्टर सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची चाचणी) आणि स्कॅनही बघतात.

सोबत दोन आठवडे वही ठेवा. रोज चारच नोंदी: संडासच्या वेळा, रात्री उठावं लागलं का, दुखणं 0 ते 10 आणि ताण 0 ते 10. ताण 8 असताना पोट शांत आणि ताण 2 असताना बिघडलेलं, असं दोन-तीनदा दिसलं तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. डॉक्टरांनाही ‘बरं वाटत नाही’ यापेक्षा या वहीचा उपयोग जास्त होतो.

योग जमला म्हणून गोळ्या सोडणं

ही चूक फसवी आहे, कारण तिचा हिशेब उशिरा होतो. अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने किंवा जास्त लागतात. ती सोडल्यावरही भडका दुसऱ्या दिवशी उडेलच असं नाही, कधी कित्येक महिने जातात. तेवढ्या काळात सगळं श्रेय प्राणायामाला जातं. पुढे आजार उलटतो तेव्हा गोळ्या सोडल्याची आठवणही नसते.

स्टेरॉइडचं उलट. तीन आठवड्यांहून जास्त घेतलेलं प्रेडनिसोलोन एकदम थांबवलं तर चक्कर, उलट्या, गळून जाणं असा गंभीर त्रास होऊ शकतो, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. ते डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यानुसार उतरवतच आणायचं. वर्षानुवर्षं थोडंथोडं चालू ठेवणंही चूकच, हाडं पोकळ होतात.

औषधांच्या जोडीला काढे आणि भस्मं घेताना विशेष जपा. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. अझाथायोप्रिनही यकृतावर ताण टाकू शकते. दोन्ही एकत्र घेऊन यकृत बिघडलं, तर दोष कोणाचा हेही कळत नाही.

श्वासाचा व्यायाम हवा तिथे कपालभाती

ताण उतरवण्यासाठी पोटाला हिसके देण्याची गरज नसते. आजार भडकलेला असताना, किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर सर्जनने मोकळीक देईपर्यंत, कपालभाती, नौली आणि पोटावर दाब देणारी आसनं नकोत. शंखप्रक्षालन तर क्रोन्समध्ये कधीच नको. आतडं जिथे अरुंद झालंय तिथून मिठाचं एवढं पाणी जोराने काढायचं, यात फायदा काहीच नाही.

त्याऐवजी हे करा. पाठ टेकून बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने 4 सेकंद श्वास आत, 6 सेकंद सावकाश बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. बाहेरचा श्वास लांब हवा, खरं काम तिथे होतं. चक्कर येत असेल तर तुम्ही फार खोल श्वास घेताय, उथळ करा. लोक हे फक्त कळ उठल्यावर करून बघतात आणि ‘उपयोग नाही’ म्हणतात. पोहणं बुडताना शिकता येत नाही, तसंच हे. पोट शांत असताना सवय लागली तर अडचणीत कामाला येतं. चालणंही तसंच: आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल इतक्याच वेगाने. भडक्याच्या दिवसांत घरातल्या घरात दहा मिनिटंही चालतील.

खाण्याची यादी आखूड होत जाणं

हे सर्वांत मोठं दुखणं. एकदा वांगं खाल्लं आणि त्रास झाला, वांगं बंद. मग टोमॅटो, दूध, डाळ, गहू. सहा महिन्यांत ताटात मऊ भात आणि मेतकूट एवढंच उरतं. वजन आणि लोह घसरतं, आणि प्रत्येक घासाची भीती हा नवा ताण होऊन बसतो.

आधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: माझ्या आतड्यात अरुंद झालेली जागा आहे का? असेल तर मक्याच्या लाह्या, अख्खे शेंगदाणे, ओल्या नारळाचे तुकडे, फणसाचे दोरे, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, संत्र्याची साल-पापुद्रे हे खरोखर टाळायचं, कारण ते तिथे अडकतं. नसेल तर आजार शांत असताना या यादीची गरज बहुतेकांना नसते. कोंडा आणि बियांनी त्रास होतो तोवर दुधी, पडवळ, लाल भोपळा, साल काढलेली मूगडाळ मऊ शिजवून घ्या. दूध पचत नसलं तरी ताजं ताक बऱ्याच जणांना चालतं.

बंद केलेला पदार्थ परत आणायचा तर एका वेळी एकच, दोन चमचे, तीन दिवस. सणाच्या जेवणात पाच पदार्थ एकदम खाऊन बघितले तर दोषी कोण ते कळणार कसं? आजार भडकलेला असताना प्रथिनं कमी करू नका. उलट वजनाच्या दर किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम 6 ग्रॅम असतात, तेव्हा आहारतज्ज्ञाकडून हिशेब करून घ्या.

उपवास पोटाला विश्रांती देतो असं समजू नका. तुपातली साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं जाडसर कूट आणि तळलेले वेफर्स म्हणजे विश्रांती नव्हेच. एकादशी सोडवत नसेल तर उकडलेला बटाटा, केळं, ताक घ्या. निर्जळी उपवास मात्र नकोच.

सिगारेट आणि अंगदुखीची गोळी

बिडी-सिगारेटने क्रोन्स बळावतो आणि ऑपरेशननंतर तो परतण्याची शक्यता वाढते. ताण घालवायचा झुरका इथे दुप्पट महाग पडतो. ‘सिगारेट सोडली आणि पोट बिघडलं’ हा किस्सा बहुधा अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या वेगळ्या आजाराच्या रुग्णाचा असतो, तो आपल्याला लावून घेऊ नका. डोकेदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेण्याऐवजी पॅरासिटामॉल विचारून घ्या. दुकानातल्या मिश्र गोळीच्या पाठीवरची नावं वाचा, त्यात आयबुप्रोफेन दडलेलं असतं.

झोप शेवटी ठेवणं

प्रेडनिसोलोन रात्री घेतलं तर डोळ्याला डोळा लागत नाही. दिवसातून एकदाच असेल तर सकाळी नाश्त्यानंतर घ्या.

प्रवासाच्या भीतीने उपाशी निघणं

लोकलमध्ये आणि एसटीत संडास नाही, म्हणून लोक आदल्या रात्रीपासून खात-पीत नाहीत. मग वाटेत चहा-बिस्किटाने पोट हलतं. जेवल्यावर साधारण अर्ध्या-एक तासात आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो. म्हणून निघण्याच्या दोन तास आधी हलका नाश्ता करा. पिशवीत जादा अंतर्वस्त्रं, ओले वाइप्स, एक बंद होणारी प्लॅस्टिक पिशवी आणि ओआरएस ठेवा. ओआरएसचं पाकीट 1 लिटरचं आहे की 200 मिलीचं ते वाचा. मोठं पाकीट ग्लासात ओतलं तर जुलाब वाढतात. लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच, आणि ताप, रक्त किंवा पोट फुगलेलं असताना अजिबात नाही.

मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल तर त्यावर वेगळे उपचार असतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

पोट फुगलंय, लाटेसारख्या कळा येतायत, उलट्या होतायत, वाराही सरत नाही, तर श्वास मोजत बसू नका. काहीही न खाता थेट इमर्जन्सी गाठा. गुदद्वाराशी ठणकणारी गाठ आणि ताप आला, तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून मलम लावत बसण्याऐवजी त्याच दिवशी आपल्या पोटविकारतज्ज्ञाला दाखवा.