गेम प्रसिद्ध करण्यापूर्वी बीटा चाचणी कशी घ्यावी
‘सायबरपंक २०७७’ हा मोठ्या कंपनीचा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला आणि जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर) इतका अडखळला की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. मग साताऱ्यात दोघातिघांनी बनवलेल्या गेमला बीटा चाचणीवाचून, म्हणजे प्रसिद्धीपूर्वी बाहेरच्या खेळाडूंकडून तपासून घेतल्यावाचून, कसे चालेल?

गूगल प्लेवर गेम टाकणाऱ्याच्या नव्या वैयक्तिक खात्याला किमान १२ परीक्षकांची सलग १४ दिवसांची बंद (फक्त निवडक लोकांपुरती) चाचणी बंधनकारकच आहे, परंतु ते सगळे मित्र नसावेत, कारण मित्र चुका पोटात घालतात. राजवाड्याजवळच्या चौपाटीवर एखाद्या अनोळखी मुलाच्या जुन्या, मेमरी भरत आलेल्या फोनवर गेम चालवून पाहावा आणि त्याचा अंगठा कुठे थबकतो ते गप्प बसून टिपावे. कासच्या वाटेवर नेटवर्क गेल्यावर प्रगती जतन राहते का, हेही तपासावे. प्रत्येक त्रुटीसोबत फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि ती पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या लिहून घ्याव्यात. नुसते ‘हँग होतो’ कुणाच्याच कामाचे नसते.