डिव्हाइसचा बायनरी डेटा सर्व्हरवर पाठवताय? या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बागेत, जेटीवर, बर्फाच्या कारखान्यात सेन्सर बसवणारी मुलं आता बरीच झाली आहेत, याचा आनंद आहे. पण बिघाड बघायला गेलं की बहुतेक वेळा तीच चूक निघते: बाइट्सची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, केलेली असते.

देवगडकडच्या एका हापूसच्या बागेतला प्रकार. थंडीचे दिवस, मोहोराची वेळ, बागायतदाराचं सगळं लक्ष रात्रीच्या तापमानावर. दिवसाचा आलेख झकास. रात्री मात्र तापमान २३.९ वर चिकटायचं ते सकाळपर्यंत हलायचं नाही, आणि आर्द्रता १९१ टक्के! सेन्सर बदलला, केबल बदलली, रेंजला शिव्या घालून झाल्या. पाठवलेले बाइट्स उघडून बघायला मात्र कोणाला सवड नव्हती.

नोंद तीन बाइट्सची: तापमान दहाने गुणून दोन बाइट्समध्ये, मागे आर्द्रतेचा एक. २४ अंश आणि ९० टक्के म्हणजे ०, २४०, ९०. डेटा पाठवणाऱ्या नोड (जावास्क्रिप्ट) प्रोग्रॅममध्ये बफरला, म्हणजे बाइट्सच्या साठ्याला, टू-स्ट्रिंग हे मजकूर करणारं फंक्शन लावलेलं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइट्समध्ये लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, १२७ च्या वरचा बाइट असा एकटा चालत नाही. त्याच्या जागी बदली चिन्ह बसतं, आणि ते पाठवताना तीन बाइट्सचं होतं: २३९, १९१, १८९. सर्व्हरने वाचलं ०, २३९, म्हणजे २३.९ अंश; पुढचा १९१ झाला आर्द्रता. १२.८ ते २५.५ मधलं कुठलंही तापमान २३.९ च दिसणार. २५.६ ते ३८.३ मध्ये (२५६ म्हणजे १, ०; ३८३ म्हणजे १, १२७) दोन्ही बाइट्स १२७ च्या आत राहतात, म्हणून दुपारी केलेली टेस्टिंग पास! नोंदी घेणाऱ्या डिव्हाइसमध्ये (लॉगरमध्ये) साठवण नव्हती, त्यामुळे त्या रात्रींचे खरे आकडे कायमचे गेले.

पायथनवाले एरर दिसली की डीकोडमध्ये, म्हणजे बाइट्सचा मजकूर करताना, ‘रिप्लेस’ (चुकीच्या बाइटजागी चिन्ह) किंवा ‘इग्नोर’ (तो गाळा) टाकून मोकळे होतात. या शॉर्टकटचा मला मनापासून राग येतो. ती एरर तुमच्या भल्यासाठीच आलेली असते. बफर जसाच्या तसा, ऑक्टेट-स्ट्रीम (नुसते बाइट्स, मजकूर नव्हे) म्हणून पाठवा. जेसन हा मजकुराचा फॉरमॅटच हवा असेल तर बेस-६४ करा, म्हणजे बाइट्स साध्या अक्षरांत लिहा. तीन बाइट्सचे चार होतात, होऊ देत. मी दोन्ही टोकांना हेक्स डंप (प्रत्येक बाइटचा आकडा दाखवणारी यादी) काढून शेजारी-शेजारी ठेवतो, मगच पुढच्या कामाला हात लावतो. डेटाबेसमध्येही आधी मूळ बाइट्स जातात, अर्थ नंतर लावायचा.

दुसरी चूक घाईची. सर्व्हरला पाठवलं की लगेच डिव्हाइसवरून पुसायचं. अरे, पावसाळ्यात वीज जाणार, नेट जाणार, हे धरूनच चाला. डेटाबेसमध्ये कमिट (पक्की नोंद) झाल्यावरच सर्व्हरने पोच द्यावी आणि ती मिळेपर्यंत नोंद डिव्हाइसवर राहावी. मग तीच नोंद कधी दोनदा येईल, म्हणून डिव्हाइस क्रमांक आणि नोंदीचा अनुक्रमांक मिळून युनिक की लावा, म्हणजे तीच जोडी डेटाबेस दुसऱ्यांदा घेणार नाही.

बाइट्सचा क्रम दोन्हीकडे एकच ठरवा, नाहीतर २५.६ अंशांचे ०.१ होतात.

टीसीपीत (नेटवर बाइट्स सलग पाठवायच्या पद्धतीत) एका वाचनात एक अख्खी नोंद येईलच असं नाही. आधी लांबी पाठवा, तेवढे बाइट्स येईपर्यंत वाचत राहा.

सी भाषेतलं स्ट्रक्चर (एकत्र बांधलेली माहिती) उचलून तसंच पाठवू नका, कंपायलर अधेमधे पॅडिंग, म्हणजे भरीचे बाइट्स, घालतो.

बाइट्स एसक्यूएलच्या (डेटाबेसच्या भाषेच्या) वाक्यात चिकटवू नका, पॅरामीटर म्हणून वेगळेच द्या.

मायएसक्यूएल डेटाबेसच्या ब्लॉबमध्ये (बाइट्स ठेवायच्या कॉलममध्ये) ६५,५३५ बाइट्सच मावतात आणि स्ट्रिक्ट मोड (कडक तपासणी) बंद असेल तर जास्तीचा भाग नुसत्या वॉर्निंगवर कापला जातो. मोठ्या फाइलींना मीडियमब्लॉब घ्या.