ट्रेडमार्क, कॉपीराइट, पेटंट आणि जीआय : हक्क हातचा घालवणाऱ्या या चुका टाळा

माझ्या मावशीच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळी उरकल्यावर आम्ही दोघांनी ती खाली उतरवली. आत बिलबुकं होती, कार्बनची निळी अक्षरं पुसट झालेली. जत्रेतल्या स्टॉलच्या पावत्या होत्या, आणि अगदी तळाशी पाऊच छापणाऱ्याचं एक बिल : ‘सिलिंडर चार्ज, चार रंग’ (म्हणजे छपाईच्या साच्यांचा खर्च), मार्च २००९, आणि पुढे मावशीच्या मसाल्याचं नाव. ‘हे रद्दीत घालायचं राहूनच गेलं बघ,’ मावशी म्हणाली. मला तर त्या घरात त्या बिलाइतकं मोलाचं दुसरं काही दिसेना.

झालं होतं असं. मावशीचा कांदा-लसूण मसाला तीन तालुक्यांत जातो. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एकाने तेच नाव, तसाच लाल पाऊच बाजारात आणला आणि त्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी, म्हणजे नावावरच्या हक्काच्या नोंदणीसाठी, अर्जही केला. मावशीनेही अर्ज केला होता, पण ‘कधीपासून वापर’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘वापर करण्याचा इरादा आहे.’

‘अगं, इतकी वर्षं विकतेस, मग हे असं कसं लिहिलं?’

‘मला विचारलं का कुणी? आधार मागितलं, दिलं. सही मागितली, केली.’

बौद्धिक संपदा म्हटलं की मोठ्या कंपन्यांची भांडणं डोळ्यांपुढे येतात. माझ्या पाहण्यात मात्र हा हक्क कुणी चोरण्याआधी आपल्याच हातून निसटलेला असतो. एखादा चुकीचा रकाना, न केलेला करार, उघडून न पाहिलेली ई-मेल एवढं पुरतं.

नाव नोंदवताना होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ‘आमचं नाव नोंदलेलं आहे.’ कुठे, असं विचारलं की शॉप ॲक्ट, उद्यम, अन्न परवाना किंवा जीएसटी असं उत्तर येतं. यातल्या एकाही कागदाने नावावर हक्क मिळत नाही. कंपनी म्हणून नाव मंजूर झालं तरी मिळत नाही. त्यासाठी ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली वेगळी नोंदणी लागते. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयात जातात, पण सगळं ऑनलाइन होतं. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००.

‘एका वर्गाला’ हे शब्द नीट वाचा. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाला आणि पापड ३० मध्ये येतात, लोणचं २९ मध्ये, खानावळ ४३ मध्ये. मसाल्याचं नाव नोंदवलं म्हणून लोणच्याचंही आपोआप सुरक्षित झालं असं धरून चालू नका.

आता तो वापराचा रकाना. आपल्या कायद्यात आधीपासूनच्या प्रामाणिक वापराला फार मान आहे. कलम ३४ सांगतं की तुम्ही नाव आधीपासून सलग वापरत असाल, तर नंतर आलेल्याची नोंदणी झाली तरी तो तुम्हाला थांबवू शकत नाही. पण पहिल्या वापराची तारीख अर्जात लिहावी लागते आणि सोबत प्रतिज्ञापत्र व पुरावे जोडावे लागतात. एकदा ‘इरादा आहे’ असं गेलं की तो मजकूर त्याच अर्जात दुरुस्त करून घेणं सोपं नसतं. आम्हाला मावशीचा नवा अर्ज करावा लागला, यावेळी मार्च २००९ या तारखेसह आणि त्या सिलिंडरच्या बिलासह. समोरच्याचा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे अर्ज प्रसिद्ध होतात त्या सरकारी पत्रिकेत, आला तेव्हा चार महिन्यांच्या मुदतीत विरोधही नोंदवला. प्रकरण अजून चालू आहे, पण आता आमच्या हातात कागद आहे.

म्हणून अर्ज कुणीही भरो, सबमिट करण्याआधी तीन गोष्टी स्वतः वाचा : मालक म्हणून कुणाचं नाव आहे, वर्ग कोणता, वापर कधीपासून. मालकाच्या रकान्यात धाकट्या दिराचं किंवा ओळखीच्या एजंटचं नाव घातलेलं मी पाहिलंय, का तर ‘त्याचा पॅन हाताशी होता’. नातं बिघडलं की हा रकाना घर फोडतो.

अर्ज केल्यावर स्थिती बघत राहणंही तितकंच गरजेचं आहे. ‘ऑब्जेक्टेड’ दिसलं की लोक घाबरतात आणि सोडून देतात. त्याचा अर्थ इतकाच की परीक्षकाला शंका आहे. अहवाल मिळाल्यापासून महिनाभरात मुद्देसूद उत्तर द्या, गरज पडली तर सुनावणी व्हिडिओवरून होते. ‘अपोज्ड’ म्हणजे मात्र कुणी तिसऱ्याने विरोध केलाय. विरोधाची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं, आणि ही मुदत वाढत नाही. नोटीस बहुतेक वेळा ई-मेलने येते, आणि अर्जात ई-मेल असतो सायबर कॅफेवाल्याचा! तिथे स्वतःचाच पत्ता द्या आणि स्पॅमचा कप्पाही अधूनमधून उघडा.

आणखी दोन गोष्टी पटकन सांगतो. अर्ज केलाय पण प्रमाणपत्र आलेलं नाही, तोवर ‘टीएम’ लिहा. वर्तुळातला आर नोंदणीनंतरच, नाहीतर तो गुन्हा ठरू शकतो. आणि नोंदणी दहा वर्षांची असते. पोराच्या लग्नाची तारीख जशी लक्षात ठेवता, तशी नूतनीकरणाचीही ठेवा.

नाव निवडताना ‘शुद्ध’, ‘घरगुती’, ‘गावरान’ यांच्या मोहात पडू नका. हे शब्द मालाचं वर्णन करतात, आणि ते सगळ्यांच्या तोंडचे राहावेत म्हणून कायदा ते सहसा एकाला देत नाही. मला हे अगदी रास्त वाटतं.

लिहिणारे, गाणारे, फोटो काढणारे

कॉपीराइटला नोंदणीची सक्ती नाही. लिहिलं, चितारलं, ध्वनिमुद्रित केलं की हक्क जन्मतो. यामुळेच आपण गाफील राहतो. नवा लेखक चहाच्या टेबलावर निर्मात्याला गोष्ट सांगतो आणि दोन वर्षांनी तशीच गोष्ट पडद्यावर बघून कोसळतो. पण कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलंय. तेव्हा तोंडी सांगण्याआधी दृश्यं, पात्रं, संवाद कागदावर उतरवा. मग ते स्वतःच्या ई-मेलवरून त्या माणसाला पाठवा, म्हणजे कुणाला, कधी आणि काय दिलं याची खूण राहते.

करार न वाचता सही करणं ही त्याहून महागात पडणारी चूक. हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पुष्कळ लेखकांना हे माहीतच नसतं, आणि वीस वर्षांपूर्वी एका चिठ्ठीवर दिलेलं पुस्तक ते कायमचं गेलं असं समजून बसतात. जुन्या फायली काढून बघा. दुसऱ्या बाजूने, ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ अशी ओळ दिसली तर पेन खाली ठेवा आणि विचारा, याचं मानधन किती?

भजनी मंडळांची एक तक्रार मला वारंवार ऐकू येते. ‘तुकोबांचा अभंग गायला तर व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला, तुकोबा कुणाच्या मालकीचे?’ तुकोबा सगळ्यांचेच आहेत. पण अभंगाला अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असते आणि कंपनीचं ध्वनिमुद्रण कंपनीचं. तुम्ही पारंपरिक चालीत, स्वतःच्या पेटी-मृदंगावर गायला असाल तर तो दावा यंत्राने चुकून लावलेला असू शकतो. तेव्हा रीतसर आक्षेप नोंदवा, व्हिडिओ उडवू नका. मागे तयार ट्रॅक वाजवला असेल तर मात्र दावा खरा आहे.

जुनी पुस्तकं स्कॅन करून वाटणाऱ्यांनी एवढं गणित करावं : लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे हक्क २०१० अखेर संपले. १९९१ च्या अखेरपर्यंत ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपायची वेळ आली आणि ती वाढवली गेली. अनुवादाचा, चित्रांचा, प्रस्तावनेचा हक्क वेगळा असतो, तोही तपासा.

यंत्र बनवलं आणि आधी व्हिडिओ टाकला

आपल्याकडचे शेतकरी आणि गॅरेजवाले कमालीचे कल्पक आहेत. कुणी कांदा पेरणीचं यंत्र करतो, कुणी हळद शिजवण्याचं. पहिल्यांदा काय होतं? त्याचा व्हिडिओ निघतो, गावभर कौतुक होतं, पेपरात फोटो येतो. पेटंटला, म्हणजे शोधावरच्या हक्काला, नावीन्य लागतं, आणि जगापुढे आलेली गोष्ट सर्वसाधारणपणे नवी राहत नाही. आधी तात्पुरता अर्ज करा, मग पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आहे. व्हिडिओ दुसऱ्या दिवशी टाकला तरी चालेल.

आजीच्या बटव्यातल्या औषधावर पेटंट घेऊ पाहणाऱ्यांना मी हळदीची गोष्ट सांगतो. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तोच न्याय आपल्यालाही लागू आहे : पारंपरिक ज्ञान इथे कुणा एकाच्या नावावर होत नाही. हा कायदा समाजाशी केलेला सौदा आहे. वीस वर्षं तुमची, पुढे सगळ्यांची, आणि त्या वीस वर्षांतही माणसाचा जीव आधी. २०१२ मध्ये कर्करोगाच्या एका औषधासाठी सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्याला ते बनवू देणारा) दिला गेला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. हे वाचल्यापासून हा विषय मला फक्त व्यापाराचा वाटेनासा झाला.

‘जीआय मिळालं’ म्हणून हार घालून गप्प बसणं

पैठणी, नागपूर संत्री, हापूस, गोव्याची फेणी यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, आहे : ते नाव त्या भागातल्या मालालाच लावता येतं. पण मानांकन उत्पादनाला मिळालं म्हणजे तुमच्या बागेला मिळालं असं होत नाही. त्या भागातल्या प्रत्येक उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवावं लागतं. हापूसचं मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांचं आहे. तिथले कितीतरी बागायतदार नोंदणीविना विकतात आणि परराज्यातला आंबा त्याच नावाने पेटीत शिरतो.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या तेव्हा आपण सगळेच चिडलो. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली आणि जुलैत ती फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं होतं की दाद मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी मागायला हवी. ते मालक म्हणजे महाराष्ट्राचं आणि कर्नाटकाचं चर्मोद्योग महामंडळ, कारण कोल्हापुरी चपलेचं मानांकन दोन्ही राज्यांच्या चार-चार जिल्ह्यांचं आहे. आपल्या मालाच्या मानांकनाची मालकी कोणत्या संस्थेकडे आहे, ती गैरवापरावर काय करते, हे विचारायला तिच्या सभेला जा.

बियाणं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात धानाच्या शेतात तीन वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षं निवड केली आणि एचएमटी तांदूळ तयार झाला. तो कितीतरी राज्यांत पिकला, कृषी विद्यापीठाने त्यातून आपलं वाणही काढलं. २०१८ मध्ये दादाजी गेले ते हलाखीतच. त्यांनी निवड केली तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदाच नव्हता.

आज २००१ चा कायदा आहे. त्याखाली शेतकरी स्वतःचं वाण नोंदवू शकतो, आणि त्यासाठी त्याला शुल्क नाही. संरक्षित वाणाचं बियाणंही तो राखू, पेरू, वाटू, विकू शकतो, फक्त ब्रँड लावून विकू शकत नाही. बियाणं ‘बेकायदा’ म्हणून धमकी आली तर घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका. आधी कलम ३९ दाखवा.

वेगळी लोंबी दिसली तर त्याच दिवशी वहीत लिहा : शेताचा गट नंबर, तारीख, किती लोंब्या, आजूबाजूच्यांपेक्षा काय वेगळं. सोबत फोटो काढा. बियाणं कुणाला दिलं, किती दिलं, हेही लिहा आणि घेणाऱ्याची सही घ्या, मग तो शेजारी असो की मोठा साहेब.